दोष कामगाराचा कीं व्यवस्थेचा?

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं आपल्या बाजारांत ‘जपानी माल’ हे शब्द कौतुकानें उच्चारले जात नसत. खेळणें दोन दिवसांत मोडलें, चाकूची धार आठवड्यांत गेली, म्हणजे ‘जपानी असेल’ असें म्हणून लोक मोकळे होत. पुढें तीस-चाळीस वर्षांत त्याच देशाच्या मोटारी, घड्याळें आणि कॅमेरे जगानें डोक्यावर घेतले. हें कसें घडलें, या प्रश्नाला एक ठराविक उत्तर असतें: जपानी माणूस जात्याच शिस्तीचा, आज्ञाधारक आणि समुदायासाठीं झिजणारा. उत्तर ऐकायला गोड आहे. परंतु तकलादू खेळणीं करणारे लोकही जपानीच होते. त्यांची भाषा तीच, देवळें तींच, वडिलांपुढें वांकण्याची रीतही तीच. मग बदललें काय?

याचा एक धागा अमेरिकेंत सांपडतो. टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींतील वॉल्टर शूहार्ट यांनीं १९२४ सालीं एक साधासा वाटणारा विचार मांडला. कोणत्याही कामांत थोडाफार चढउतार हा असायचाच. घरांतल्या पोळ्यांचेंच पाहावें. सुगरणीच्याही पोळ्या मोजून सारख्या नसतात. एक तिळभर जाड, एक तिळभर पातळ. प्रत्येक जाड पोळीस बोल लावीत बसलें तर स्वयंपाकघरांतील शांतता तेवढी जाईल, पोळ्या सुधारणार नाहींत. परंतु एखाद्या दिवशीं सगळ्याच करपल्या तर चुलीकडे किंवा तव्याकडे पाहावें हें बरें. नेहमींचा चढउतार कोणता आणि विशेष कारणानें आलेला बिघाड कोणता, हें ओळखण्यासाठीं शूहार्ट यांनीं एक आलेख तयार केला. कारखानदारीच्या इतिहासांत ही साधी आकृति पुष्कळ मोठ्या यंत्रांहून अधिक मोलाची ठरली.

त्यांचेच विचार पुढें नेणारे संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५० सालच्या उन्हाळ्यांत जपानी शास्त्रज्ञ व इंजिनियर यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून व्याख्यानें देण्यास गेले. इंजिनियरांना शिकवून भागणार नाहीं, मालकांनीं ऐकलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुखही श्रोते झाले. त्यांच्यापुढें डेमिंग यांनीं फळ्यावर एक आकृति काढली. एका टोकास कच्चा माल पुरविणारे, मध्यें कारखाना, दुसऱ्या टोकास गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाला काय हवें याची चौकशी पुन्हा मागें फिरून वस्तूच्या घडणीपर्यंत येते. कारखाना म्हणजे वेगवेगळ्या खात्यांची चाळ नव्हे, तो एकजीव देह आहे. एका अवयवाचें दुखणें दुसऱ्या ठिकाणीं उमटतें. छापील व्याख्यानांचें मानधन डेमिंग यांनीं घेतलें नाहीं. त्यांतून १९५१ सालीं त्यांच्या नांवाचें पारितोषिक सुरू झालें.

डेमिंग आपल्या वर्गांतून एक गमतीचा, पण बोचरा खेळ करून दाखवीत. एका पेटींत ३२०० पांढरे आणि ८०० तांबडे मणी. पन्नास खळगे असलेली फळी त्यांत बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, तांबडा म्हणजे खराब. श्रोत्यांपैकीं सहाजणांना कामगार म्हणून उभें करीत आणि डेमिंग स्वतः मुकादम होत. एकाच्या फळीवर सात तांबडे आले तर शाबासकी, दुसऱ्याच्या फळीवर चौदा आले तर सर्वांदेखत कानउघाडणी. पुढच्या खेपेस शाबासकी मिळालेल्याचेच तांबडे वाढले, तर बक्षिसानें हा शेफारला असें मुकादमानें गंभीर चेहऱ्यानें सांगावें. शेवटीं ‘नालायक’ तिघांना घरीं पाठवून ‘उत्तम’ तिघांकडून दुप्पट काम घ्यावें. तांबड्यांचें प्रमाण मात्र जागचें हलत नसे. हलणार कसें? पेटींतच पांचांत एक मणी तांबडा, आणि पेटी भरण्याचा अधिकार कामगाराला नव्हता. (वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलें एकाच उदाहरणांत चुकलीं, तर आपल्या शिकवण्याकडे न पाहतां मुलांच्या हातावर छडी मारणारे गुरुजी आपल्याकडेही थोडे नव्हते.) कामांतल्या अडचणींपैकीं शेंकडा ९४ व्यवस्थेंतून उद्भवतात आणि त्यांची जबाबदारी चालकांची असते, असा अंदाज डेमिंग यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत दिला.

जपानी स्वभावाचें म्हणून जें सांगितलें जातें, त्याची कुळकथाही पाहण्यासारखी आहे. जन्मभर एकाच कारखान्याशीं एकनिष्ठ राहणें ही तेथील फार जुनी रीत, असा समज आहे. वास्तविक विसाव्या शतकाच्या आरंभीं जपानी कामगार एक गिरणी सोडून दुसरी धरीत आणि मालक त्याबद्दल कुरकुरत. टोयोटा कंपनींत १९५० सालीं मोठा तंटा झाला. पुष्कळ लोकांना जावें लागलें आणि अध्यक्ष किइचिरो तोयोदा यांनीं स्वतःही पद सोडलें. जे राहिले त्यांना नोकरीची शाश्वति मिळाली आणि कंपनीला त्यांचें सहकार्य. ज्याला आज संस्कृति म्हणतात तिचा बराच भाग असा भांडणांतून झालेल्या कराराचा आहे. टोयोटाची प्रसिद्ध उत्पादनपद्धति रचणारे ताइइचि ओनो यांनीं तर, गिऱ्हाईक नेईल तेवढाच माल फळीवर पुन्हा भरायचा ही कल्पना अमेरिकन दुकानांवरून घेतल्याचें मोकळेपणानें सांगितलें आहे.

खरी परीक्षा पुढें अमेरिकेंतच झाली. कॅलिफोर्नियांतील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, दारू आणि तंटे यांसाठीं बदनाम होता. तो १९८२ सालीं बंद पडला. १९८४ सालीं तोच टोयोटाच्या भागीदारींत आणि टोयोटाच्या व्यवस्थेखालीं पुन्हा उघडला. कामगारसंघ तोच, घेतलेल्या कामगारांपैकीं बहुतेक जुनेच. पूर्वीं शेंकडा २० पर्यंत असलेली गैरहजेरी २ च्या आसपास आली आणि मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या निघूं लागल्या. तेथें प्रत्येक कामगाराच्या हाताशीं एक दोरी होती. कांहीं चुकतें आहे असें दिसतांच ती ओढायची. मदतीला मुख्य माणूस धांवत येई आणि गरज पडल्यास सारी रांग थांबे. या कल्पनेचें मूळ किइचिरो यांचे वडील साकिचि तोयोदा यांच्या मागांत होतें. तो माग धागा तुटतांच आपोआप थांबे. १९८७-८८ सालीं मोटारींचा खप घटला, तरी कामगारांना घरीं न बसवितां शिक्षणास लाविलें. दोरी ओढण्याचें धैर्य अशा वचनांतून येतें.

आतां दोरी टांगणें सोपें. जनरल मोटर्सनें कॅलिफोर्नियांतीलच व्हॅन नाइसच्या कारखान्यांतही तसा प्रयत्न केला. परंतु तेथील अधिकाऱ्यांचें हित दिवसाकाठीं किती मोटारी निघाल्या यावरच अवलंबून होतें. दोरी ओढणारा त्यांना कामांत विघ्न आणणारा वाटे. तो कारखाना १९९२ सालीं बंद झाला. देहाचा एक अवयव उसना आणून चालत नाहीं.

म्हणून संस्कृति कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. हॉलंडचे गेर्ट हॉफ्स्टेड यांनीं आय. बी. एम. कंपनीच्या अनेक देशांतील नोकरांचीं उत्तरें तपासून १९८० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यांतील अंतर देशोदेशीं किती निरनिराळें मानलें जातें, हें त्यांत दिसतें. आपल्या देशांत तें बरेंच मोठें निघालें. साहेब समोर उभे असतां दोरी ओढणें आपल्या माणसाला जड जाईल, हें कोणीही मान्य करील. परंतु ओढल्यावर साहेब रागावतात कीं आभार मानतात, हें ठरविणें साहेबांच्याच हातीं आहे.

आणि या विद्येची ओळख आपल्याला उशीरा झाली असेंही नाहीं. प्रा. महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संख्याशास्त्र संस्थेनें शूहार्ट यांना १९४७-४८ सालींच, म्हणजे डेमिंग यांच्या टोकियोंतील व्याख्यानांपूर्वीं, हिंदुस्थानांत बोलावून आणलें होतें. पुढें परवान्यांच्या काळांत स्कूटरसाठीं गिऱ्हाईकच वर्षानुवर्षें रांगेंत उभें राहूं लागलें. माल कसाही निघाला तरी खपत होता. त्या आकृतींतील गिऱ्हाइकाचा बाण मागें फिरलाच नाहीं. बाजार खुला झाल्यावर १९९८ सालीं मद्रासच्या सुंदरम्-क्लेटन कंपनीच्या एका विभागास डेमिंग पारितोषिक मिळालें. २००३ सालीं तें महिंद्रच्या शेतीअवजारांच्या विभागास मिळालें. ट्रॅक्टर बनविणाऱ्यांत तें मिळविणारी ती जगांतली पहिलीच कंपनी. त्या विभागाचे कारखाने कांदिवलीस आणि नागपुरासही आहेत.