दोन मस्टर

(ताडीवाला रोड, पुणे इथं वस्तीतल्या तरुणांपुढं केलेलं भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'शिक्षण आणि दलित तरुण' असा विषय छापलाय. असल्या विषयावर दोन तास बोलता येतं आणि ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. म्हणून मी फक्त अकरावी-बारावीच्या दोन वर्षांवर बोलणार आहे. बारावी व्हायच्या आतच कॉलेजचे पेपर देता येतात का, आणि येत असतील तर कुणाच्या पोरांना, एवढंच.

अकरावीचं पोरगं शाळेतलं की कॉलेजातलं? आई शेजारणीला सांगते, पोरगं कॉलेजला जातंय. खरंच जातं. कॉलेजच्या गेटातून आत जातं, कॉलेजच्या बाकावर बसतं, कँटीनचा चहा पितं, आणि शिकतं मात्र बोर्डाचं. त्यातला एक मार्कसुद्धा पदवीच्या खात्यात जमा होत नाही.

कायम असं नव्हतं. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सोळाव्या वर्षी मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढं कोठारी आयोग आला, 10+2+3 आलं. महाराष्ट्रात 1975 ला दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, 1977 ला बारावीची. मधली दोन वर्षं काही ठिकाणी शाळेला जोडली, आणि पुण्यातल्या जुन्या कॉलेजांत ती कॉलेजच्याच छपराखाली राहिली, पण विद्यापीठाच्या वहीतून निघाली. त्याला ज्युनियर कॉलेज म्हणायचं. पद्धतच वाईट असं मी म्हणत नाही. पण एका इमारतीत दोन वह्या झाल्या, आणि कुठल्या वहीत आपलं नाव आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

मला ते लायब्ररीत कळलं. कुठलं कॉलेज ते सोडा. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी अकरावी आर्ट्सला होतो. पहाटे मार्केट यार्डात फुलांच्या गाळ्यावर पाट्या उचलायच्या आणि तिथनं सरळ वर्गात. अंगाला झेंडूचा वास, बाजूची पोरं सरकून बसायची. एकदा टी.वाय.च्या इकॉनॉमिक्सच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. सर शेतमजुराच्या कर्जावर बोलत होते. मला सगळं समजलं! बोर्डाच्या पुस्तकातलं डोक्यावरून जायचं आणि हे समजलं, कारण माझा आजा त्या कर्जात मेला होता. चार तास बसलो. सरांनी काही म्हटलं नाही, माणूस बरा होता. त्यांनी सांगितलेलं पुस्तक मागायला वरच्या मजल्यावरच्या लायब्ररीत गेलो, तर क्लार्कनं कार्ड बघितलं आणि म्हणाला, ''ज्युनियरचं आहे. वर यायचं नाही.'' पाचव्या तासाला मी गेलो नाही.

त्यानं जात काढली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यानं नियम सांगितला. पण 1929 साली पर्वतीच्या पायथ्याशी आपल्या माणसांनी सत्याग्रह केला तेव्हा त्यांनाही देवस्थानाचा नियमच दाखवला होता. वर यायचं नाही, हे वाक्य आपल्या कानाला फार जुनं आहे.

आता म्हणाल, एका पोराचं नाव दोन ठिकाणी कसं असणार? पुण्यात ते कधीचं आहे की! ज्याच्या बापाकडं पैसा आहे त्या पोराचं नाव ज्युनियर कॉलेजच्या मस्टरवर, आणि पोरगं दिवसभर क्लासमध्ये. कॉलेज आणि क्लास यांचा आपसात करार. प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं. हे इतकं माजलं की 2018 साली सरकारला सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढावा लागला. म्हणजे दोन मस्टर चालतात. लाखांत फी मोजणाऱ्याची चालतात.

आपल्या पोरांचीही दोन मस्टर आहेत. एक कॉलेजचं, दुसरं मुकादमाचं. पोरगी सकाळी आईच्या जागी सोसायटीतली धुणीभांडी उरकते आणि दुसऱ्या तासाला वर्गात पोचते. पोरगं रात्री अकरापर्यंत लोकांच्या दारात जेवणाचे डबे पोचवतं. त्यांची हजेरी कमी भरली की नोटीस येते, पालकांना घेऊन या. पालक कुठून आणणार? पालकाचा त्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार?

आता न्यूयॉर्कला जाऊ. लांबचं आहे, पण ऐका. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि 1975 ला आपल्याकडं पहिली दहावी झाली. त्याच्या अधल्यामधल्या 1974 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात एक हायस्कूल काढलं. मिडल कॉलेज हायस्कूल. कुणासाठी? मेरिटवाल्यांसाठी नाही. जी पोरं शाळा सोडायच्या बेतात होती त्यांच्यासाठी. या पोरांना कॉलेजच्या आवारात आणा, कॉलेजचे पेपर देऊ द्या, म्हणजे ती टिकतील, असा हिशेब होता. त्याच शहराच्या विद्यापीठाची 'कॉलेज नाऊ' नावाची योजना आहे. सरकारी हायस्कुलातली पोरं तिच्यात फुकट कॉलेजचे पेपर करतात. तिकडं एकच पेपर शाळेच्याही खात्यात धरतात आणि पदवीच्याही. तिकडं सगळं गोड आहे असं समजू नका. काळ्यांची आणि गरिबांची पोरं असल्या योजनांत तिथंही कमीच पोचतात. पण दार कुणासाठी काढायचं हे क्वीन्समध्ये आधी ठरवलं होतं.

आपल्याकडंही कागद निघालेत. 2021 ला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. आपल्या वस्तीत क्रेडिट म्हणजे किराणावाल्याच्या वहीतली उधारी. इथं उलटं आहे, शिकलेल्या तासांची जमा. 2023 ला राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, आणि शाळेतलं शिक्षणही त्या हिशेबात धरलंय. मद्रासच्या आयआयटीनं डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी काढलीय. अकरावीची परीक्षा दिलेल्या पोराला तिच्या पात्रता फेरीला बसता येतं आणि बारावी झाल्यावर प्रवेश घेता येतो. दहावीला गणित आणि इंग्रजी लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या गरीब पोरांना फीत मोठी सवलत आहे. इथं किती जणांना हे माहीत होतं? हात वर करा.

दोन. बरं. पेठेतल्या शाळेत विचारा, किती हात वर होतात ते.

कुणी म्हणेल, आधी पोरं दहावी तर पास होऊ द्या, मग कॉलेजचे पेपर बघू. हा आक्षेप फालतू नाही. जोतिरावांनी 1882 ला हंटर कमिशनपुढं हेच सांगितलं होतं, की वरच्या शिक्षणावर पैसा ओतता आणि गावातली शाळा उपाशी ठेवता. वर ओतलं की खाली झिरपतं, हा भुलभुलैया त्यांनी तेव्हाच ओळखला. म्हणून सुखवस्तू हुशारांना आणखी एक जादा पेपर, अशी मागणी मी करत नाही. तशी सोय पैसेवाले आपली आपण करून घेतात. या शहराच्या विद्यापीठाला 2014 साली सावित्रीबाईंचं नाव दिलं. त्या नावाच्या विद्यापीठानं पहिला पेपर रात्रशाळेच्या आणि महापालिकेच्या शाळेतून आलेल्या पोरांसाठी उघडावा, ही मागणी आहे. कायद्याचा उघडा, हिशेबाचा उघडा, कॉम्प्युटरचा उघडा. मराठीतनं शिकवा. मार्क पदवीच्या खात्यात धरा. लायब्ररीचं कार्ड द्या, वरच्या मजल्याचं.

आणि फीचं आधी लिहून घ्या. आपली भारत सरकारची स्कॉलरशिप अकरावीपासून लागू होते. तिच्या फॉर्मवर एका अभ्यासक्रमाचं नाव असतं. अकरावीतल्या पोरानं कॉलेजचा जादा पेपर घेतला तर त्याची फी कोण भरणार? समाजकल्याण म्हणेल विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणेल समाजकल्याणला विचारा, आणि पोरगं दोन खिडक्यांमध्ये उभं. मी उभा राहिलोय, मला त्या दोन खिडक्यांमधल्या फरश्या पाठ आहेत.

वेळेचंही. बाबासाहेबांनी 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळचं काढलं, कारण पोरं दिवसा कचेऱ्यांत नोकऱ्या करायची. आज तीच सकाळची वेळ चालणार नाही. सकाळी आपली पोरगी धुणीभांडी करते, पोरगं मार्केट यार्डात असतं. मग दुपारी दोन ते चार जमेल का, की रविवारी? हे कुलगुरूंना माहीत असायचं कारण नाही. तुम्हालाच माहीत.

म्हणून टेबलावर वही ठेवलीय. अकरावी-बारावीत असलेल्यांनी नाव लिहा, ज्युनियर कॉलेज लिहा. शेवटच्या रकान्यात कामाची वेळ लिहा, किती वाजता जाता आणि किती वाजता सुटता. मुलींनी घरकामाची वेळसुद्धा लिहायची, लाजायचं नाही. वही भरली की तीच घेऊन आपण विद्यापीठात जाणार आहोत. पेन एकच आहे, जरा दमानं घ्या.