साष्टीतली साठ वर्षे

(कोल्हापुरातून प्रसारित झालेले भाषण)



आपल्याकडून आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला जाणाऱ्या गाड्या वर्षभर भरलेल्या असतात. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्च आणि मग समुद्र, हा बहुतेकांचा ठरलेला बेत. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. त्या राजांतला पहिला म्हणजे दुसरा फिलिप. फिलिपिन्स या देशाला नाव मिळाले ते त्याच्यावरूनच. पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजांनीच पाहायचा, असे त्याने १५८१ साली तोमार इथे कबूल केले. त्यामुळे गोव्यात अंमलदार पोर्तुगीजच राहिले. धनी मात्र मनिलाचा आणि मेक्सिकोचा जो होता, तोच गोव्याचा झाला. त्या साठ वर्षांनी दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या समाजात काय मागे ठेवले, ते आज सांगायचे आहे.

मूर्तिभंग आणि धर्मांतर त्याच्या आधीच सुरू झाले होते. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० साली आले. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला गेली, कारण तिथे आदिलशाही अंमल होता. आज आपण ज्या देवळांत दर्शनाला जातो, ती अशी घर सोडून आलेल्या देवांची देवळे आहेत.

दक्षिण साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकरांनी मात्र निमूटपणे ऐकले नाही. देवळे पाडल्यावर त्यांनी सारा द्यायचे नाकारले. १५ जुलै १५८३ रोजी जेझुइट पाद्री चर्चसाठी जागा पाहायला तिथे आले, तेव्हा गावाने पाच जेझुइटांना आणि त्यांच्या काही सोबत्यांना ठार केले. त्यांत रुडॉल्फ अक्वाविवा होता. अकबराच्या दरबारात तीन वर्षे राहून तो नुकताच परतला होता. पुढे सरकारने बोलणी करायची म्हणून गावच्या सोळा मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि विश्वासघाताने मारले. एकानेच नदीत उडी टाकून जीव वाचवला, असे परंपरा सांगते. राजा कोणीही असो, बोलणी करायला बोलावून गळा कापणे हा अधमपणाच. तो तसाच सांगितला पाहिजे.

आणि तरीही याच मातीत एक वेगळी गोष्ट घडली.

त्या पाच जणांचे मृतदेह आणून त्यांचे दफन करण्याची जबाबदारी साष्टीतल्या ज्या जेझुइटावर आली, तो थॉमस स्टीफन्स हा इंग्रज होता. १५७९ साली तो गोव्यात आला होता. इतके पाहिलेला माणूस सुडाने पेटला असता तर नवल नव्हते. त्याने मराठी शिकायला घेतली. तीही कामापुरती नव्हे, तर थेट ओवीपर्यंत. देवळे गेली, पोथ्या गेल्या आणि बाटलेल्या लोकांना कथापुराणाची भूक तशीच राहिली. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी साष्टीतला एक ब्राह्मण हीच मागणी मांडतो: जुनी पुराणे बंद केलीत, तर आमच्या भाषेत दुसरे काही द्या. ते दुसरे काही म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. आदिपुराण आणि देवपुराण असे त्याचे दोन भाग असून ओव्या जवळपास अकरा हजार आहेत. १६१६ साली ते साष्टीतल्या राचोल इथे छापले गेले. देवनागरी खिळे हाताशी नव्हते, म्हणून रोमन लिपीत. येशूची कथा सांगताना स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. मराठी भाषेचे जे गुणगान त्याने केले आहे, ते आजही आपल्या भाषणांतून ऐकू येते.

स्पेनच्या साम्राज्यात इतरत्रही पाद्री असेच करत होते. मनिलात १५९३ साली तागालोग भाषेत धर्मोपदेशाचे पुस्तक छापले गेले. लोकांच्या मनात शिरायचे तर त्यांच्याच भाषेतून शिरावे लागते, हे पाद्र्यांनी ओळखले होते. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. पण त्यातून बाटलेल्या माणसाच्या तोंडी त्याची भाषा राहिली, हेही तितकेच खरे.

सरकारला हे फार काळ मानवले नाही. संभाजी महाराजांनी १६८३ साली गोव्यावर चाल केली. दुसऱ्याच वर्षी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. तोवर स्पेनची सत्ता जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. फर्मान निघाले, पण घराघरांतली कोकणी काही सुटली नाही.

आज कुंकळ्ळीत शिगम्याला काय होते पाहा. गावची शांतादुर्गा त्या काळात फातर्प्याला गेली. वर्षातून एकदा ती पालखीत बसून आपल्या जुन्या गावी येते. सोबत बारा वांगडांच्या, म्हणजे बारा कुळांच्या, बारा छत्र्या. ढोल-ताशे वाजतात, गुलालाने रस्ता लाल होतो. त्या कुळांतली काही घरे हिंदू आहेत, काही ख्रिस्ती. आपल्या वांगडाचा मान दोघेही सांगतात. देव वेगळे झाले, कूळ आणि गाव वेगळे झाले नाही. माणसाची ओळख राजाने ठरवायची नसते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

कोल्हापूरलाही या उलथापालथीतून काही मिळाले. सांकवाळची विजयादुर्गा फोंड्याजवळच्या केरी गावात जाऊन राहिली. त्याच केरीची एक मुलगी लहानपणी गाणे शिकायला आपल्या गावात आली, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. पुढे अल्लादिया खाँसाहेबांनी तिला घडवले. शाहू महाराजांच्या पदरी राहिलेले हे गवई आपल्याला परके नाहीत. ती मुलगी म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर.

म्हणून गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती माणसाला कोणी परका म्हटले, की मला वाईट वाटते. ‘क्रिस्तपुराण’ त्याचे आहे, तसेच ते आपलेही आहे. शांताराम बंडेलू यांनी ते १९५६ साली पुण्यातून देवनागरीत आणले. कॅरिडाद द्राग यांची आवृत्ती १९९६ साली मुंबईत निघाली. श्रोतेहो, आपल्या वाचनालयात हे पुस्तक मागा. नसेल तर मागवायला लावा.