बसल्या जागचा खर्च
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



समितीनं मला आरोग्यावर बोला म्हटलं. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. म्हणून हिशोबावरच बोलतो. हिशोब शरीराचा आहे आणि मुख्यतः आपल्या घरातल्या बायकांचा आहे.

दुकान बंद ठेवलं तरी भाडं चुकत नाही. शरीराचंही तसंच. आपण नुसते पडून असलो तरी हृदय, मेंदू, यकृत यांना ऊर्जा लागतेच. बैठं काम करणाऱ्यांच्या दिवसभराच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा या बसल्या जागच्या खर्चाचा असतो.

तो नेमका मोजायचा तर सकाळी उपाशीपोटी, शांत निजवून श्वासातला ऑक्सिजन मोजावा लागतो. हे सगळ्यांना शक्य नाही, म्हणून सूत्रं आली. 1919 साली अमेरिकेत हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी 136 पुरुष व 103 स्त्रियांच्या मोजणीवरून सूत्र दिलं. पण तिकडच्या बायकांचं माप आपल्याकडच्या बाईला लागू पडतं का?

एलिनॉर मेसन या बाईंनी मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात दक्षिण भारतीय स्त्रियांची मोजणी केली. 1931 साली ती बेनेडिक्टसोबत प्रसिद्ध झाली. आकडे अमेरिकन मापापेक्षा बरेच कमी निघाले. पुढं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या भारतीय व युरोपीय स्त्रियांची तुलना केली, ती 1964 साली छापून आली. हा फरक वंशाचाच, असा समज पुष्कळ वर्षं राहिला. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनंही जागतिक सूत्रातून भारतीयांसाठी पाच टक्के वजा केले.

1998 साली मात्र संशोधकांनी भारतीय आणि ऑस्ट्रेलियन लोकांचे आकडे शेजारी ठेवले, वजनातली चरबी वेगळी काढून हिशोब केला, आणि वंशाचा फरक उरला नाही. कारण हा खर्च चरबी फार कमी करते. स्नायू आणि अवयव जास्त करतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक सांगतात तेही हेच, की आपण दिसायला बारीक असलो तरी आपल्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी. वजनकाट्याला हे कळत नाही.

आता उदाहरण घ्या. वय 55, वजन 60 किलो, उंची 150 सेंटिमीटर. हॅरिस-बेनेडिक्टप्रमाणे या बाईंचा बसल्या जागचा खर्च सुमारे 1250 कॅलरी. 1990 च्या मिफ्लिन सूत्रानं 1100. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1985 च्या सूत्रानं 1350, आणि त्यातून आपले पाच टक्के वजा केले तर 1285. एकाच खात्यात चार शिल्लका! फरक 250 कॅलरींचा, म्हणजे साधारण दोन-अडीच पोळ्या.

हे सांगायचं कारण असं, की आपल्या सुना-मुली मोबाइलवर वाचून सरसकट 1200 कॅलरींवर राहतात. भात बंद, वरणही बंद. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतो, बसल्या जागचा खर्च आणखी घटतो, आणि पुन्हा जेवायला लागल्या की वजन परत येतं. साठी ओलांडलेल्या वहिनींचा स्नायू तर वयानंच कमी होत असतो. त्यांनी डाळ, दूध, अंडी, मासोळी सोडू नये. थोडं चालावं, थोडं वजन उचलावं.

दुसरी बाजूही बघा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या कितीतरी बाया पावसाळ्यात रोवणीला जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 55 किलोच्या बाईला बैठ्या कामात दिवसाला 1660 कॅलरी लागतात, कष्टाच्या कामात 2720. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला हजार कॅलरी जास्त लागतात, आणि घरी सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायला बसते तीच.

माझी समितीला विनंती आहे. पुढच्या आरोग्य शिबिरात नुसतं वजन करू नका. कमरेचा घेर आणि हाताच्या पकडीची ताकदही मोजा, आहारतज्ज्ञ बोलवा, आणि कामाच्या बायांनाही त्यात घ्या. आणि आजपासून घरी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. त्याला काही खर्च नाही.