कुत्रीचें बाळंतपण आणि पिलांची जोपासना



महाभारताच्या आदिपर्वांत एक लहानशी कथा आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रांत सत्र करीत असतां तेथें कुत्र्याचें एक पिलूं आलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें; तरी राजाच्या भावांनीं त्याला मारून हांकलून दिलें. तें रडत आईकडे गेलें. त्याची आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती थेट यज्ञभूमीवर येऊन उभी राहिली आणि माझ्या निरपराध पिलाला कां मारलेंत, असा सवाल तिनें केला. कोणालाच उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां तिनें राजाला शाप दिला. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या आरंभींच एका कुत्रीच्या मातृत्वाची अशी दखल घेतलेली आहे. आज मला बोलावयाचें आहे तें अशाच एका आईविषयीं, आणि तिची सेवा करतांना आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयीं.

धरमपेठेंतील आमच्या घरीं मैना नांवाची एक कुत्री आहे. ती कोणत्याहि नामांकित जातीची नाहीं. एका पावसाळ्यांत ती फाटकाशीं येऊन बसली आणि मुलांनीं तिला घरांत घेतलें. दिवाळीच्या सुमारास तिच्या पोटाचा घेर पाहून ती गाभण असल्याचें आमच्या ध्यानांत आलें. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम बहुधा भाद्रपदांत येतो, हें आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. कुत्रीच्या गर्भाची मुदत सुमारें ६३ दिवसांची. हिशेब केला तर वेत येतें कार्तिकाच्या अखेरीस किंवा मार्गशीर्षांत. म्हणजे नागपुरांत रात्रींचा पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरूं लागतो, नेमक्या त्याच दिवसांत.

मैना अशाच एका रात्रीं व्याली. सहा पिलें झालीं. मागच्या पडवींत आम्हीं तिला गोणपाट अंथरून दिलें होतें, आणि सर्व कांहीं सुखरूप पार पडलें असें समजून आम्ही निजलों. पहांटे पाहतों तों एक पिलूं आईपासून हातभर अंतरावर उघड्या फरशीवर पडलेलें. अंग गार आणि तोंडांतून आवाज नाहीं. तें भुकेनें मलूल झालें अशी आमची समजूत. सासूबाईंनीं लगबगीनें गाईचें दूध कोमट केलें आणि मीं कापसाच्या बोळ्यानें तें त्याच्या तोंडांत पिळलें. दुपारच्या आंत पिलूं गेलें. मागाहून पशुवैद्यांना विचारलें तेव्हां ते म्हणाले, "बाई, त्याला आधीं ऊब हवी होती. गारठलेल्या पिलाचें पोट चालत नाहीं. घातलेलें दूध आंत तसेंच राहतें, नाहींतर श्वासनलिकेंत उतरतें." हें मला आदल्या दिवशीं ठाऊक असतें तर तें पिलूं कदाचित् वांचलें असतें. आधीं ऊब, मग दूध. माझ्या सगळ्या भाषणांतून एवढे चार शब्द लक्षांत राहिले तरी मला पुरे आहे.

नवजात पिलाला आपल्या अंगाची उष्णता आपण होऊन राखतां येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत त्याला थंडीनें कुडकुडतांहि येत नाहीं. मोठ्या कुत्र्याच्या अंगाची उष्णता १०१ ते १०२ अंश फारेनहाइट असते. पहिल्या आठवड्यांतील पिलाची ९५ ते ९८ च असते. डोळे मिटलेले, कान बंद. आईच्या पोटाची ऊब एवढीच त्याची दिशा. ती चुकली कीं तें सरपटत भलतीकडे जातें आणि निवून जातें.

परंतु पिलांची काळजी त्यांच्या जन्मापूर्वींच सुरू होते. पहिले पांच-सहा आठवडे गाभण कुत्रीला नेहमींचा आहार पुरतो. शेवटच्या तीन आठवड्यांत पोटांतील पिलें झपाट्यानें वाढतात. तेव्हां आहार हळूहळू वाढवीत न्यावा. वेताच्या सुमारास तो नेहमींच्या सव्वापट ते दीडपट असावा. पोटांत जागा थोडी उरते, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजीं चार वेळां थोडथोडें द्यावें. नुसत्या दूधभातावर भागत नाहीं. अंडें, मांस यांसारखें सकस अन्न हवें. बाजारांत लहान पिलांसाठीं तयार खाद्य मिळतें, तें या काळांत आईलाहि चांगलें. रोज संथपणें फिरवावें. उड्या, जिने आणि इतर कुत्र्यांशीं झोंबाझोंबी मात्र टाळावी.

येथें आपल्या मायेच्या पोटीं दोन चुका होतात. बाळंतिणीला द्यावा तसा डिंकाचा लाडू आपण कुत्रीपुढें ठेवतों. त्यांतील मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरूं शकतात, आणि जायफळहि त्याला बाधतें. दुसरी चूक म्हणजे हाडें बळकट व्हावींत म्हणून गाभणपणीं चुन्याचें, म्हणजे कॅल्शियमचें औषध पाजणें. बाहेरून आयतें मिळूं लागलें कीं हाडांतील सांठा वेळेवर बाहेर काढण्याची शरीराची संवय मोडते, आणि दूध भरूं लागल्यावर रक्तांत त्याची एकदम तूट पडते. डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून तें देऊं नये. डॉक्टरांकडे एकदां तरी न्यावेंच. गर्भाचे ५५ दिवस झाल्यावर क्ष-किरणांच्या चित्रांत पिलांची संख्या मोजतां येते. ती ठाऊक असली म्हणजे वेताच्या रात्रीं पोटांत पिलूं राहिलें कीं काय, ही शंका उरत नाहीं.

वेताची जागा आठवडाभर आधीं तयार करून तिला तेथें निजण्याची संवय लावावी. घराच्या वर्दळीपासून दूर, मंद उजेडाची, वारा न लागणारी खोली निवडावी. आईला आडवें होऊन पाय पसरतां येतील एवढी लांकडी पेटी घ्यावी. आंतल्या बाजूनें, तळापासून चार बोटें उंचीवर, एक अरुंद फळी सभोंवार ठोकावी; आई भिंतीला टेकली तरी फळीखालच्या जागेंत पिलूं चेंगरत नाहीं. तळाशीं वर्तमानपत्रें आणि त्यांवर जुन्या सुती लुगड्याची घडी घालावी. दोरे सुटलेली गोधडी मात्र नको. पिलांच्या पायांना दोरा गुंडाळला जातो.

शेवटच्या आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ गुदद्वारांत थर्मामीटर ठेवून उष्णता पाहावी. ती ९९ अंशांच्या खालीं उतरली तर बहुधा २४ तासांच्या आंत वेत होतें. मग कुत्री अन्न सोडते, धापा टाकते, अंथरूण उकरते. ही अस्वस्थता सहा ते बारा तास, क्वचित् अधिकहि चालते. या वेळीं तिच्याभोंवतीं शेजारपाजारचीं मुलें जमवूं नयेत. तिच्या विश्वासाचें एकच माणूस जवळ शांत बसलेलें असावें.

पुढें कळा येऊन पिलूं बाहेर पडतें तें पातळ पडद्याच्या पिशवींत. आई ती फाडते, नाळ तोडते आणि पिलूं चाटून जागें करते. पिलूं मागच्या पायांनीं आलें तरी घाबरूं नये; कुत्र्यांत तें नेहमींचेंच आहे. आईनें क्षणभरांत पिशवी फाडली नाहीं तर आपण स्वच्छ हातानें ती फाडावी, नाकातोंडांतील चिकटा पुसावा आणि कोरड्या पंचानें अंग चोळावें. नाळ बांधावी लागली तर पोटापासून इंचभर अंतरावर स्वच्छ दोऱ्यानें बांधावी. प्रत्येक पिलामागें एक वार पडते, तीं मोजावींत. पिलूं ओढून काढण्याचा प्रयत्न करूं नये.

डॉक्टरांना तात्काळ केव्हां बोलवावें, हें कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवावें. जोराच्या कळा अर्धा तास येऊनहि पिलूं बाहेर आलें नाहीं तर. पोटांत आणखी पिलें असून दोन तास उलटले तर. एकहि पिलूं येण्यापूर्वीं हिरवा स्राव दिसला तर. किंवा उष्णता उतरून २४ तास झाले आणि कळाच आल्या नाहींत तर. डॉक्टरांचा पत्ता अगोदरच शोधून ठेवावा. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवर १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु रात्रीं-बेरात्रीं कोण येईल, याची चौकशी आपल्या डॉक्टरांकडे आधींच करून ठेवणें शहाणपणाचें.

पिलें झाल्यावर पेटीच्या एका कोपऱ्यांत पहिला आठवडा ८५ ते ९० अंश फारेनहाइट इतकी ऊब ठेवावी, आणि पुढें ती हळूहळू कमी करावी. गरम पाण्याची रबरी पिशवी जाड कापडांत गुंडाळून ठेवावी, किंवा विजेचा दिवा पुरेशा उंचीवर टांगावा. उरलेली पेटी मात्र थंड असूं द्यावी, म्हणजे नको तेव्हां पिलांना दूर सरतां येतें. तीं एकमेकांवर रास करून कण्हूं लागलीं तर थंडी आहे. पांगून धापा टाकूं लागलीं तर उकाडा आहे. शेजारीं शेजारीं निवांत निजलीं तर सर्व ठीक आहे. वैशाखांत वेत झालें तर पारा ४५ अंश सेल्सिअसकडे झुकलेला असतो. तेव्हां खोली गार करावी, पण कूलरचा ओला झोत पेटीवर येऊं देऊं नये.

आईचा पहिला चीक प्रत्येक पिलाला पहिल्या काहीं तासांतच मिळाला पाहिजे. रोगांशीं झगडण्याचें बळ त्यांतून येतें. गाईचें दूध त्याची जागा घेऊं शकत नाहीं. कुत्रीच्या दुधाच्या मानानें त्यांत प्रथिनें आणि स्निग्धांश कमी व साखर जास्त, त्यामुळें पिलांना हगवण लागते. वरचें दूध द्यावेंच लागलें तर पिलांसाठीं मिळणारी दुधाची भुकटी आणावी, आणि पिलूं पोटावर ठेवून पाजावें. तान्ह्या मुलासारखें उताणें कधींहि धरूं नये. रोज एकाच वेळीं स्वयंपाकघरांतील कांट्यावर वजन करावें. आठदहा दिवसांत तें जन्माच्या दुप्पट व्हावें. वजन उतरूं लागलें तर पिलूं रडण्याची वाट पाहूं नये. आजारी पिलूं बहुधा गप्पच असतें.

आईला या काळांत भरपूर पाणी आणि दुप्पट-तिप्पट अन्न लागतें. तिचें आचळ कडक व तापलेलें वाटलें, किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर डॉक्टरांना दाखवावें. पहिल्या तीन-चार आठवड्यांत तिचें अंग थरथरूं लागलें, पाय ताठरले, ती धापा टाकूं लागली, तर रक्तांतील चुना घटला आहे असें समजावें. पिलांना बाजूला घेऊन तिला त्याच घटकेस दवाखान्यांत न्यावें; येथें तासाचाहि उशीर जिवावर बेततो.

दहा ते चौदा दिवसांत पिलांचे डोळे उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें जंताचें औषध, चौथ्या आठवड्याच्या सुमारास मऊ अन्न, सहा-आठ आठवड्यांनीं पहिली लस आणि तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळरोगाची लस, असा क्रम आहे. आठ आठवड्यांपूर्वीं पिलूं आईपासून तोडूं नये. पिलें सुटलीं कीं आईची शस्त्रक्रिया करून घ्यावी; प्रत्येक पिलाला घर मिळत नाहीं, हें आपण सर्वजण जाणतोंच.

मैनेचीं उरलेलीं पांच पिलें आम्हीं पडवींतून आंत, पेटींत घेतलीं. चौथ्या रात्रीं त्यांतलें एक पुन्हां गार लागलें. या वेळीं कोणी दुधाकडे धांवलें नाहीं. सासूबाईंनीं तें पदराखालीं छातीशीं धरलें आणि तास-दीड तास तशाच बसून राहिल्या. तें हळूहळू ऊब धरून चुळबुळूं लागलें, मग मैनेजवळ ठेवतांच पिऊं लागलें. आज तें शेजारच्या घरीं फाटकावर भुंकतें आहे. मैनेचीहि नंतर शस्त्रक्रिया झाली.

येत्या मार्गशीर्षांत आपल्याहि गल्लींत कोठें तरी एखादी कुत्री वितेल. तिला घरांत घेणें सर्वांना जमणार नाहीं. परंतु भिंतीच्या आडोशाला एक आडवें खोकें, त्यांत कोरडें गोणपाट, आणि शेजारीं अन्नपाण्याचें भांडें, एवढें कोणालाहि करतां येईल. पिलांना मात्र ती देईल तेव्हांच हात लावावा.