अडलेला संगणक आणि बाहेरची डिस्क



विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर आपण काय करतो? जाणता शेतकरी लगेच मोटार उपसून गाडीत घालीत नाही. तो आधी लाईट आहे का ते बघतो. मग फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, वायर कुठे उंदराने कुरतडली आहे का ते बघतो. पुष्कळदा मोटार चांगलीच असते. अडलेले दुसरेच काही असते. आज मी बोलणार आहे ते शाळेतल्या संगणकाविषयी. पण गोष्ट हीच आहे.

मागे जून महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. शाळा नुकतीच उघडली होती, दाखल्यांसाठी पालकांची रांग लागलेली, आणि कचेरीतला संगणक काही केल्या सुरू होईना. बटण दाबले की काळ्या पडद्यावर कंपनीचे नाव येई आणि गाडी तेथेच थांबे. कधी एक इंग्रजी ओळ उमटे. तिचा अर्थ एवढाच की यंत्र चालवणारी प्रणाली सापडत नाही. कारकून हवालदिल झाले होते. म्हणाले, "सर, दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणतो, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. मी म्हटलं, टाका बुवा, पण आज चालू करून द्या."

मी विचारले, "आत काय काय आहे?"

"आठ वर्षांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी, शिष्यवृत्तीच्या याद्या."

"आणि दुसरी प्रत?"

"ती आहे ना. ह्या बाहेरच्या डिस्कमध्ये." असे म्हणून त्यांनी यंत्राला वायरने जोडलेली एक काळी डबी दाखवली. ती कधी काढलेलीच नव्हती.

आता पाहा, पुसणाऱ्याच्या हाताशी मूळही होते आणि प्रतही होती. नवीन प्रणाली टाकताना पडद्यावर दोन्ही डिस्कांची नावे एकाखाली एक येतात. घाईत दुसऱ्याच नावावर बोट पडले, तर काय राहिले असते?

मी यंत्र बंद केले, त्या डबीची वायर काढली आणि पुन्हा बटण दाबले. थोड्याच वेळात संगणक मुकाट्याने सुरू झाला. कारकून म्हणाले, "ही तर जादूच झाली!"

मंडळी, जादू नव्हती. काय घडले ते समजून घेऊ.

संगणकाच्या आतल्या पाटीवर एक लहानसा कार्यक्रम कायमचा बसवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत युईएफआय. त्याला आपण रखवालदार म्हणू. बटण दाबताच हा रखवालदार उठतो, स्मृती आणि कळफलक ठीक आहेत का ते तपासतो, आणि मग मालकाला उठवायला निघतो. मालक म्हणजे विंडोज किंवा तत्सम प्रणाली. मालक कोणत्या खोलीत निजला आहे हे रखवालदाराला ठाऊक नसते. त्याच्यापाशी एक यादी असते: आधी हे दार वाजव, मग ते. यादीत बाहेरच्या डिस्कचे दार पहिले असेल तर तो तेथे जातो. त्या डिस्कवर मालक नाही, नुसती कागदपत्रे आहेत. तरीही तिच्या पहिल्या कप्प्यावर ठरावीक खूण असली की तो कारभार तिच्या हाती सोपवतो, आणि तिला पुढे काहीच करता येत नाही. मालक आतल्या खोलीत धडधाकट असतो. त्याला कोणी उठवीतच नाही.

ही तऱ्हा नवी नाही. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. तोही चालू होताच आधी फ्लॉपीच्या खाचेत डोकावे. पुढच्या काळात कोणी फ्लॉपी आत विसरून बटण दाबले की यंत्र असेच अडे. फ्लॉपी गेल्या, पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्का आल्या. खोड तीच राहिली.

दुसरे कारण विजेचे. एका लाईनवर दोन मोटारी लावल्या आणि दाब कमी असला, तर मोटार नुसती गुरगुरते, पाणी उचलीत नाही. यूएसबीच्या खाचेचेही असेच आहे. जुन्या यूएसबी २.० खाचेतून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, ३.० खाचेतून ९००. फिरत्या चकतीच्या डिस्कला फिरायला लागताना जास्त ओढ लागते. तेवढी वीज मिळाली नाही की डिस्क टिकटिकत बसते आणि रखवालदार तिच्या उत्तराची वाट पाहत राहतो. डिस्क किंवा तिची वायर खराब असली तरी असेच होते.

तिसरे कारण आपल्याकडे फार आढळते. आतल्या पाटीवर रुपयाएवढा एक सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. वीज नसताना घड्याळ आणि, पुष्कळ जुन्या यंत्रांत, ती दारांची यादीही तोच जपतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र बंद पडून राहते, सेल संपतो, यादी कारखान्यातून आली तशी होते आणि काही यंत्रांत बाहेरचे दार पुन्हा पहिले येते. खूण सोपी आहे: लाईट गेली की संगणकाची तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते.

आता उपाय सांगतो. गुरुजींनी वहीत उतरून घ्यावेत.

पहिले, यंत्र पूर्ण बंद करा. नावावरच अडले असेल तर बटण दहाएक सेकंद दाबून धरा. मग डिस्क, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळे काढा. कळफलक आणि माउस ठेवा. पुन्हा चालू करा. सुरू झाले तर आतली डिस्क ठीक आहे आणि पुसापुशीची गरज नाही. सुरू झालेच नाही, तर आजार निराळा. तेथे जाणकार बोलवा.

दुसरे, यंत्र सुरू झाल्यावर मग बाहेरची डिस्क लावा. ती दिसली तर महत्त्वाचे कागद आधी दुसरीकडे उतरवून घ्या. पडद्यावर 'फॉरमॅट करायचे का' असे विचारले, तर नाही म्हणा. हो म्हटले की गेलेले परत मिळवणे अवघड होते.

तिसरे, रखवालदाराची यादी दुरुस्त करा. चालू होताना एफ-२, डिलीट, एफ-१० किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबावी लागते. कोणती, ते बहुधा पडद्याच्या खालच्या कडेला लिहिलेले असते. आत 'बूट' नावाचे पान असते. तेथे आतली डिस्क, नव्या यंत्रांत 'विंडोज बूट मॅनेजर', पहिली ठेवा आणि बदल जतन करून बाहेर पडा. बदलण्यापूर्वी पानाचा फोटो काढून ठेवा. नव्या लॅपटॉपात बिटलॉकरचे कुलूप असले तर बदलानंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधी शोधून ठेवा, मगच हात लावा.

चौथे, तरीही अडले तर खाच बदला. मधला जोड काढून डिस्क थेट यंत्राच्या मागच्या बाजूला लावा. मग वायर बदलून पाहा. पण एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

पाचवे, तारीख चुकत असेल तर सेल बदला. आधी भिंतीतला प्लग काढा, जुना सेल कोणत्या बाजूने बसला आहे ते पाहून घ्या, आणि नवा बसवल्यावर तारीख व यादी पुन्हा नीट करा.

त्या शाळेत काय निघाले, असे आपण विचाराल. तारीख दहा वर्षे मागे गेली होती. सेल संपलेला, यादी उलटलेली. नवा सेल घातला, आतली डिस्क पहिली केली, आणि पुढे तासाभरात दाखल्यांची रांग हलू लागली.

निघताना मी कारकुनांना एवढेच म्हणालो, "ही डबी यंत्राला बांधून ठेवू नका. प्रत घेतली, पडद्यावरून सांगून डिस्क सोडवली, की कपाटात. आणि आणखी एक प्रत शाळेबाहेर, मुख्याध्यापकांच्या घरी, कुलपात." बियाणे आपण एकाच कणगीत ठेवीत नाही. ज्या पोराचा दाखला त्या डबीत आहे, त्याचे पुढचे शिक्षण त्या कागदावर अडलेले असते. कणगी बुडाली तर पुढच्या हंगामाला दुसरे बियाणे विकत मिळते. आठ वर्षांच्या नोंदी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

तेव्हा मंडळी, यंत्र अडले तर आधी बाहेरचे काढा, मग विचार करा. आणि कोणी पुसायला सांगितले तर पहिल्यांदा विचारा, दुसरी प्रत कुठे आहे? बरे तर, येतो. रामराम.