फर्माईशीची पोच : छोटे नभोवाणी केंद्र आणि श्रोत्यांचे लघुसंदेश

(आलापल्ली परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



नभोवाणी केंद्र बोलते आणि गाव ऐकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गावाने बोलावे आणि केंद्राने ऐकावे, अशीही एक वाट या माध्यमात फार पूर्वीपासून आहे. ती वाट म्हणजे श्रोत्याची फर्माईश. तिच्याकडे केवळ करमणुकीचा भाग म्हणून पाहिले जाते. वास्तविक, आपले बोलणे कोणापर्यंत पोहोचले याची जी एकमेव पोच केंद्राला मिळते, ती या फर्माईशीतूनच. इंटरनेटवरून चालणारी छोटी नभोवाणी केंद्रे आता थोड्या खर्चात उभी राहू शकतात आणि फर्माईश मोबाईलवरच्या लघुसंदेशाने पाठविता येते. अशा वेळी आलापल्लीसारख्या ठिकाणी ही पोच कशी घ्यावी आणि तिचे पुढे काय करावे, हा विचार अगत्याचा ठरतो.

पोस्टकार्डापासून लघुसंदेशापर्यंत

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारतीचा आरंभ झाला. मराठी श्रोत्यांच्या कित्येक पिढ्यांना आकाशवाणीवरील ‘आपली आवड’ हा कार्यक्रम परिचित आहे. पोस्टकार्डावर गीताचे नाव, आपले नाव आणि गावाचे नाव लिहावयाचे आणि मग कित्येक दिवस कान देऊन वाट पाहावयाची, असा तो रिवाज होता. गीत लागले की आनंद होई. आपल्या गावाचे नाव उच्चारले गेले की त्याहून अधिक आनंद होई. आज झारखंड राज्यात असलेले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे लहानसे गाव. तेथील श्रोत्यांनी इतक्या चिकाटीने फर्माईशी पाठविल्या की, खाणींनी मिळाली नसेल इतकी प्रसिद्धी त्या गावाला पत्रांनी मिळवून दिली. दूरच्या, आडबाजूच्या गावालाही आपले अस्तित्व देशाला कळविता येते, हा त्यातील बोध आहे.

पहिला मोबाईल लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठविला गेला. भारतात मोबाईल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पुढे मोबाईल खेड्यापाड्यांत पोहोचला आणि विविधभारतीनेही ‘एसएमएस के बहाने वीबीएस के तराने’ या नावाने लघुसंदेशांवर आधारलेला कार्यक्रम चालविला. जे पत्र पोहोचण्यास आठवडा लागे, त्याचे काम काही क्षणांवर आले.

ऐकण्यापेक्षा सांगणे सोपे

इंटरनेट नभोवाणीला उंच मनोरा किंवा स्वतंत्र ध्वनिलहर लागत नाही. एक संगणक, एक चांगला ध्वनिग्राहक, एक शांत खोली आणि इंटरनेटची भरवशाची जोडणी एवढ्यावर काम सुरू होते. मात्र तिचा एक विशेष ध्यानी घेतला पाहिजे. मनोऱ्यावरून होणारे प्रक्षेपण शंभर जणांनी ऐकले काय किंवा दहा हजारांनी ऐकले काय, केंद्राचा खर्च तोच राहतो. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याकडे वेगळा प्रवाह जातो. साध्या बोलण्यास पुरेशा अशा ३२ किलोबिट वेगाने एक तास ऐकावयाचे, तर श्रोत्याच्या मोबाईलमधील सुमारे १४.४ मेगाबाइट माहिती खर्ची पडते आणि तासभर अखंड रेंज लागते.

लघुसंदेशाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. एक संदेश जास्तीत जास्त १४० बाइटचा असतो. म्हणजे तासभर ऐकण्यास जेवढी माहिती लागते, तेवढ्यात एक लाखाहून अधिक संदेश मावतील. शिवाय त्याला इंटरनेट लागत नाही, बटणांचा साधा फोनही चालतो. ज्याला तो पाठविला त्याच्या फोनला रेंज नसली, तर संदेश कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि रेंज येताच पोहोचतो.

आलापल्लीच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा यांकडे जाणाऱ्या वाटा येथे मिळतात. मोठ्या गावात रेंज मिळते, पण पुढे रानात शिरले की ती तुटते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचावयास मिळाल्या आहेत. अशा प्रदेशात इंटरनेट नभोवाणी ऐकू न शकणारा मनुष्यही तिला संदेश मात्र पाठवू शकतो. म्हणूनच फर्माईशीचा कार्यक्रम एकदा प्रसारित करून थांबता कामा नये. तो ध्वनिफितीसारखा जपून ठेवावा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत येणाऱ्यांना त्यांच्या मोबाईलमध्ये घालून द्यावा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘बुलटू रेडिओ’ या नावाने गोंडी भाषेतील कार्यक्रम असेच ब्लूटूथद्वारे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये पोहोचविण्यात आले आहेत. संदेश रानातून यावा आणि गीत बाजाराच्या पिशवीबरोबर घरी जावे, ही व्यवस्था अशक्य कोटीतील नाही.

सत्तर जागांचे गणित

रोमन लिपीत एका लघुसंदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत मात्र केवळ ७० जागा मिळतात आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हेही स्वतंत्र जागा घेतात. ‘आलापल्ली’ हा शब्द उच्चारास चार अक्षरांचा. संदेशात तो आठ जागा व्यापतो. संदेश लांबला की त्याचे दोन भाग होतात आणि आकारही दोन संदेशांचा पडतो. गोंडीसाठी घडविलेल्या मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या लिप्यांतील प्रत्येक चिन्ह दोन जागा घेते. म्हणजे संदेशात अवघी ३५ चिन्हे उरतात.

यावर एक साधा उपाय आहे. केंद्राजवळ असलेल्या गीतांना, कथांना आणि माहितीपर भाषणांना क्रमांक द्यावेत आणि ही यादी शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. श्रोत्याने केवळ गावाचा क्रमांक आणि गीताचा क्रमांक पाठवावा. ज्यांना अक्षरे लिहिता येत नाहीत त्यांनाही नोटा आणि फोन नंबर यांमुळे अंक बहुधा ओळखता येतात. केंद्रानेही नेहमीचाच दहा आकडी क्रमांक वापरावा; जादा आकाराचे विशेष क्रमांक टाळावेत.

ज्यांच्यापाशी लिपी नाही, ज्यांच्यापाशी फोन नाही

एवढे करूनही प्रश्न संपत नाही. या परिसरात माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठी या भाषा एकाच बाजारात कानी पडतात, बंगालीभाषक वसाहतीही जिल्ह्यात आहेत. माडिया ही प्रामुख्याने बोलण्याची आणि गाण्याची भाषा. केवळ लेखी संदेशच स्वीकारणारे केंद्र नकळत शिकलेल्या तरुणांचे होऊन बसेल आणि रेला गीते ज्यांना तोंडपाठ आहेत अशा वृद्ध स्त्रिया त्याच्या बाहेर राहतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २०२१ या काळात देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. उरलेल्या स्त्रियांची आवड कोण कळविणार?

छत्तीसगडमध्ये २०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने या प्रश्नाला वाट दाखविली. गावकरी एका क्रमांकावर मिस्ड कॉल देतो, तिकडून फोन उलट येतो आणि तो आपल्या भाषेत बोलतो किंवा गातो. लिहिण्याची गरज नाही, पैसाही खर्च होत नाही. लघुसंदेशाच्या जोडीला अशी बोलण्याची सोय असावी आणि शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी ज्यांच्यापाशी फोन नाही त्यांची मागणी आठवड्यातून एकदा कळवावी.

दुसरा संदेश

‘सीजीनेट स्वर’च्या अनुभवात सर्वांत उद्बोधक बाब ही की, ज्या क्रमांकावर लोक गाणी गात, त्याच क्रमांकावर ते हातपंप, रेशन, मजुरी यांच्या तक्रारीही सांगत. तक्रारीसोबत संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक दिला जाई; काम झाले की गावकरी पुन्हा फोन करून तेही कळवीत. यातील क्रम समजून घेण्यासारखा आहे. ज्या माणसाने जन्मात कधी अर्ज केला नाही, तो आधी गीत मागून पाहतो. त्याचे नाव ऐकू आले, मागितलेले गीत लागले, तर आपले कोणीतरी ऐकते याची त्याला खात्री पटते. मग दुसरा संदेश पाण्याचा असतो. पहिल्या संदेशाकडे दुर्लक्ष झाले, तर दुसरा येतच नाही. त्या वेळी सर्व काही ठीक आहे असे कार्यालयाला वाटत राहते.

म्हणून प्रत्येक केंद्रात फर्माईश-वही असावी. संदेश आल्याची वेळ, गाव, भाषा, मागणी आणि त्यावर झालेली कार्यवाही एवढे पाच रकाने पुरेत. गीत उपलब्ध नसेल, तर तसेही प्रसारणात सांगावे. महिन्याच्या अखेरीस कोणत्या गावाकडून एकही संदेश आला नाही, हे वहीतून आपोआप दिसेल. ते गाव रेंजबाहेर आहे, भाषेबाहेर आहे की विश्वासाबाहेर, याचा शोध ग्रामपंचायत सदस्यांनी जातीने घ्यावा.

दोन पथ्ये

पहिले पथ्य गीतांच्या हक्कांचे. प्रतिलिपी अधिकार कायद्याच्या कलम ३१ डी मधील वैधानिक परवान्याची सवलत इंटरनेटवरील प्रसारणाला लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. त्यामुळे चित्रपटगीते ऐकवावयाची तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. छोट्या केंद्राला हा खर्च झेपणारा नसतो. परंतु या अडचणीतच एक संधी आहे. रेला गीते, झाडीपट्टीच्या कलावंतांची पदे, शाळकरी मुलांनी म्हटलेली गाणी यांचे ध्वनिमुद्रण गाणाऱ्यांच्या आणि रचनाकारांच्या संमतीने आणि नामनिर्देशासह करावे. परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेल्या पद्मश्रीने झाडीपट्टी रंगभूमीचा मान देशभर वाढविला. त्या परंपरेचा आवाज तिच्याच भूमीतील केंद्रावर घुमावा.

दुसरे पथ्य श्रोत्याच्या नावाचे. फोन क्रमांक कधीही प्रसारित करू नये आणि कार्यक्रमाखेरीज अन्य कामासाठी वापरू नये. मुलींच्या व स्त्रियांच्या बाबतीत केवळ गावाचे नाव घेण्याची मुभा असावी. तक्रार करणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीविना उच्चारू नये.

बंधुभगिनींनो, तेंदूपानाच्या हंगामात पहाटेच रानात गेलेली माणसे सायंकाळी परततात. त्यांच्या सवडीची वेळ तीच कार्यक्रमाची वेळ असली पाहिजे. यंत्रे विकत मिळतात, जोडणी आज ना उद्या सुधारते. परंतु आलेल्या प्रत्येक संदेशाला उत्तर देण्याची शिस्त कोणत्याही योजनेत मंजूर होऊन येत नाही. ती येथील शिक्षक, सदस्य आणि अधिकारी यांनीच अंगी बाणवावयाची आहे. एका गीताची मागणी नीट पूर्ण करणारे गाव उद्या पाण्याची मागणीही नीट ऐकेल.