एवढुशा बाळाला सुई काहून?

मागच्या महिन्यात इथेच नागपुरात ताईची डिलिव्हरी झाली. बाळ जेमतेम काही तासांचं, आणि सिस्टर हिपॅटायटिस-बीची लस घेऊन आल्या. आजी म्हणाली, "अरे, एवढुशा लेकराले आत्ताच सुई काहून?" मलाही सांगता येईना. उत्तर शोधता शोधता पोचलो थेट प्रयोगशाळेतल्या उंदरांपर्यंत.

साल १९५१, न्यूयॉर्क. लुडविक ग्रॉस यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांपासून पेशीविरहित अर्क काढला. मोठ्या उंदरांना टोचून काही होत नव्हतं. मग त्यांनी तो जन्मून सोळा तासही न झालेल्या पिलांना टोचला. पुढे त्यातल्या अनेकांना ल्युकेमिया झाला. त्या अर्कात व्हायरस होता.

व्हायरस तोच, मग फरक कशाचा? एक मोठं कारण म्हणजे इम्युनिटी. आपलं कोण, परकं कोण, हे ती तेव्हा शिकतच असते. त्याच वेळी घुसलेला व्हायरस तिला घरचाच वाटू शकतो.

१९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर याच ल्युकेमियावर काम करत होते. छातीतली थायमस ग्रंथी काढली की हा ल्युकेमिया होत नसे, कारण तो तिथूनच सुरू होतो. पण जन्मताच थायमस काढलेले उंदीर खंगून मरायला लागले. दुसऱ्या उंदराची त्वचा लावली तरी त्यांचं शरीर विरोध करेना. म्हणजे इम्युनिटीची शाळा थायमसमध्येच भरते!

आपल्याकडे मुंबईत, परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे उंदरांच्या स्तनकॅन्सरच्या व्हायरसवर काम करत होत्या. तो आईच्या दुधातून पिलात जातो. पुन्हा तेच, आयुष्याचे पहिले दिवस.

माणूस म्हणजे उंदीर नाही, आणि हिपॅटायटिस-बीचा व्हायरसही वेगळा. पण वयाचं गणित तसंच. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलतं. जन्मताना आईकडून झाली, तर दहातल्या सुमारे नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो, आणि पुढे लिव्हर कॅन्सरचा धोका. लशीत जिवंत व्हायरस नसतो, फक्त त्याच्या आवरणाचं प्रोटीन असतं. ते ओळखून बाळ अँटिबॉडी बनवतं. ही शर्यत व्हायरसच्या आधी जिंकायची, म्हणून पहिला डोस २४ तासांच्या आत.

आजीला एवढंच सांगितलं, "चोर यायच्या आधी कुलूप लावलं." तिला पटलं. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर या डोसबद्दल नक्की विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!